पप्पांची मगर

आमच्या घरात लाकोस्तचा पहिला शर्ट आला तेव्हा मी आठ वर्षांची होते. छातीवरच्या त्या हिरव्या प्राण्याला आई पाल म्हणाली. अंगावर पाल पडलेली चांगली नसते, त्यामुळे शर्ट दोन दिवस दोरीवरच राहिला. मग पप्पांनी क्लबात कुणाला तरी विचारलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "मगर आहे. फ्रान्सची. चार हजाराचा शर्ट आहे." आईनं तो लगेच आत घेऊन इस्त्री केला.

चार हजाराचा शर्ट आमच्याकडे कसा, तर पप्पा मार्कर. ज्यांनी टेनिस फक्त टीव्हीवर बघितलंय त्यांच्यासाठी सांगते: जुन्या क्लबांमध्ये मार्कर नावाचा एक माणूस असतो. पहाटे कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या, नेट ताणायचं, मेंबर एकटाच आला तर त्याच्याशी खेळायचं, आणि खेळताना मेंबर अगदीच हरणार नाही याची काळजी घ्यायची. संध्याकाळी मेंबरांच्या मुलांना शिकवायचं. पगार क्लब देतो, पण खरं घर चालतं ते दिवाळीच्या पाकिटांवर आणि मेंबरांनी दिलेल्या जुन्या सामानावर. आमचं जिल्ह्याचं गाव, पुण्याहून एसटीनं सहा तास. क्लब ब्रिटिशांच्या काळातला, मातीची तीन कोर्टं. त्याचं नाव सांगत नाही. पप्पा अजून तिथेच आहेत.

मेंबर कपडे टाकत नसत, मार्करला देत. त्यामुळे पप्पांच्या अंगावर दर दोन-तीन महिन्यांनी नवी कंपनी यायची. नाइकी, आदिदास, एकदा फिलाचा पांढरा शर्ट, कॉलरला बारीक लाल पट्टी. एका डॉक्टरसाहेबांनी दिलेली फ्रेड पेरीची जर्सी होती, पानांच्या चक्राचा लोगो असलेली. मला तो लोगो कुठल्या तरी सरकारी खात्याचा वाटायचा. खूप नंतर कळलं की फ्रेड पेरी हा माणूस होता, १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षं विम्बल्डन जिंकलेला, आणि कंपनी नंतर आली, १९५२ साली. तसंच रने लाकोस्तचं. तोही खेळाडू. गोष्ट अशी सांगतात की १९२३ मध्ये डेव्हिस कपसाठी तो अमेरिकेत होता तेव्हा कॅप्टनशी त्याची पैज लागली, मॅच जिंकली तर मगरीच्या कातड्याची बॅग मिळणार. मॅच हरला, बॅग मिळाली नाही, पण वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला 'मगर' करून टाकलं. मग एका मित्रानं मगरीचं चित्र काढून दिलं आणि ते त्यानं ब्लेझरवर शिवून घेतलं. १९३३ साली त्याच मगरीची कंपनी झाली. त्याआधी टेनिसवाले लांब बाह्यांचे, कडक कॉलरचे शर्ट घालून खेळत. मऊ, जाळीदार विणीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट त्यानं स्वतःच्या सोयीसाठी करून घेतला होता. आज आपण ज्याला सरसकट टी-शर्ट म्हणतो त्या कॉलरवाल्या प्रकाराचा हा खापरपणजोबा.

म्हणजे तेव्हा खेळाडू स्वतःचाच स्पॉन्सर होता. कुणाची मगर कुणाच्या छातीवर, हा प्रश्न नव्हता.

आमच्याकडे होता.

मी सहाव्या वर्षापासून पप्पांबरोबर कोर्टावर. आधी बॉल उचलायला, मग भिंतीवर मारायला, मग खरोखर खेळायला. माझं सगळं किटसुद्धा मेंबरांकडून आलेलं. मुलींचे कपडे फारसे मिळत नसत, त्यामुळे मी मुलांच्या चड्ड्यांत नाडी घालून खेळायचे. शूज एका मेंबरच्या मुलाचे, माझ्यापेक्षा दीड नंबर मोठे. आत दोन-दोन मोजे. पुढे अंगठ्याशी कापूस. फोरहँडला पळून थांबलं की पाय थांबायचा आणि मग अर्ध्या सेकंदानं बूट थांबायचा. मला वाटायचं टेनिस असंच असतं.

पप्पांचा मगरीचा शर्ट पाचेक वर्षं चालला. काखेत विरला, मग कॉलर गेली. आईनं तो फरशी पुसायला घ्यायच्या आधी मगर कात्रीनं गोल कापून काढली आणि आठवडी बाजारातून आणलेल्या नव्वद रुपयांच्या पांढऱ्या टी-शर्टवर माझ्यासाठी शिवली. इतकी बारीक शिवली की जवळून बघितल्याशिवाय कळायचं नाही. बाजारात खोटी मगर लावलेले शर्ट ढिगानं मिळतात. माझ्या शर्टावरची मगर खरी होती आणि शर्ट खोटा होता. पुण्यात अंडर-१४ची एक स्पर्धा खेळायला गेले होते तेव्हा एका मुलीच्या आईनं मला जवळ बोलावून कौतुकानं विचारलं, "कुठून घेतलास गं?" मी म्हणाले, "दुबईहून काका येतात." मला दुबईत काका नाहीत.

स्पर्धांचा हिशेब कुणी आधी सांगितला असता तर आम्ही कदाचित बॅडमिंटन धरलं असतं. एन्ट्री फी सगळ्यात कमी. मग एसटी किंवा रेल्वे, दोघांची. लॉज. पहिल्या फेरीत हरलं तर एक दिवस, जिंकलं तर पाच दिवस, म्हणजे जितकं चांगलं खेळाल तितका खर्च जास्त. गटिंग तुटलं की सातशे रुपये. पप्पा स्वतः गटिंग करायचे म्हणून ते वाचायचं, पण गट विकत आणावा लागायचाच. हार्ड कोर्टवर खेळायचं तर शूज तीन महिन्यांत संपतात. आमच्याकडे मातीचं कोर्ट, तिथे वर्ष निघायचं. पण स्पर्धा सगळ्या हार्ड कोर्टवर.

२०११ साली मला स्पॉन्सर मिळाला.

क्लबातलेच एक मेंबर. बांधकामाचा व्यवसाय. पप्पा रोज सकाळी साडेसहाला त्यांना बॉल टाकायचे. त्यांनी एकदा माझी मॅच बघितली आणि म्हणाले, पोरगी चांगली आहे, हिच्यासाठी काहीतरी करू. वर्षाचे चाळीस हजार, दोन हप्त्यांत. पप्पांनी त्या दिवशी पेढे वाटले. पेढ्यांचे तीनशे साठ रुपये झाले, ते आईनं वहीत 'स्पॉन्सर' या सदरात लिहिले. पहिला हप्ता आला आणि त्याबरोबर सहा टी-शर्ट आले. समोर संपूर्ण छातीभर त्यांच्या नव्या स्कीमचं नाव. पाठीवर बिल्डिंगचं चित्र, १ आणि २ बीएचके, आणि दोन मोबाइल नंबर.

ते घालून मी ज्या स्पर्धेला गेले तिथल्या रेफ्रींनी मला टॉसच्या आधीच थांबवलं. भले गृहस्थ होते, ओरडले वगैरे नाहीत. लोगोला मापाचा नियम असतो हे त्यांनी समजावून सांगितलं. टेनिसमध्ये कपड्यावर कुठे, किती आणि किती मोठा लोगो चालतो हे ठरलेलं असतं, अगदी वरपर्यंत. आदिदासच्या तीन पट्ट्या या लोगो आहेत की नुसतं डिझाइन, यावरून २००६ मध्ये प्रकरण थेट लंडनच्या कोर्टात गेलं होतं. (टेनिसच्या नव्हे, न्यायाधीशांच्या.) विम्बल्डनला तर २०१३ साली फेडररनं नारिंगी तळव्याचे शूज घातले तेव्हा पहिल्या मॅचनंतर ते बदलायला लावले. फेडररला. नारिंगी रंगसुद्धा वर नव्हता, खाली होता. तेव्हा १ आणि २ बीएचके काय चालणार.

माझ्याकडे दुसरा शर्ट नव्हता. मगरवाला तोवर लहान झाला होता. मी टी-शर्ट उलटा करून घातला आणि खेळले. शिवणी बाहेर, मानेपाशी लेबल बाहेर. त्या स्पर्धेत मी क्वार्टर फायनलपर्यंत गेले, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली स्पर्धा. आमच्या जिल्ह्याच्या आवृत्तीत फोटो आला, दोन कॉलमी. त्यात एक मुलगी उलटा शर्ट घालून बॅकहँड मारतेय.

साहेबांनी फोटो बघितला. पप्पांना म्हणाले, "ह्याच्यात आमचं नाव कुठंय?"

दुसरा हप्ता आला नाही. पप्पांनी मागितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते त्याच साहेबांना बॉल टाकत होते, हे मी भिंतीशी उभी राहून बघितलं. साहेबांचा फोरहँड नेटमध्ये गेला की पप्पा म्हणायचे, "अनलकी, सर."

त्या रात्री मी पप्पांना म्हणाले, "फेडररच्या बापाला असं करावं लागलं नसेल."

पप्पा काही बोलले नाहीत. जेवत होते, जेवत राहिले. त्यांनी फेडररचा एक फोटो भिंतीला लावला होता, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी. त्याच्याकडे पण बघितलं नाही. फेडररचे आई-वडील बाझलमधल्या सीबा-गायगी नावाच्या औषध कंपनीत नोकरीला होते, कंपनीच्या क्लबात टेनिस खेळायचे, पोराला बरोबर न्यायचे, हे मी कितीतरी नंतर वाचलं. म्हणजे गोष्ट सुरू होण्याची जागा तशी आमच्यासारखीच, फक्त ते नेटच्या पलीकडच्या बाजूला. मेंबर.

१६व्या वर्षी मी स्पर्धा थांबवल्या. कारण विचारलं की आम्ही दोघंही 'बारावी' सांगतो.

*

पप्पांचं फेडररप्रेम मात्र थांबलं नाही. २०१७ च्या जानेवारीत त्यानं नदालला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, तेव्हा मी पुण्यात शिकत होते. डेक्कनला हाँगकाँग गल्लीतून मी पप्पांसाठी 'आरएफ'ची टोपी घेतली. दोनशे रुपये. ओरिजिनल टोपी नाइकीची, दोन हजारांच्या वर. माझ्या टोपीवर नाइकीची खूणही होती, जरा जास्तच गोंडस वळणाची. पप्पांना कळलं असणार. इतक्या कंपन्यांचे कपडे अंगावर वागवलेल्या माणसाला शिवण बघून कळतं. पण टोपी डोक्यावर चढली ती चढलीच. मेंबर चिडवायचे, आरएफ म्हणजे काय रे, रिझर्व्ह फंड? पप्पा हसून म्हणायचे, "होय साहेब, तेवढाच आहे."

मग आला २ जुलै २०१८. विम्बल्डनची पहिली फेरी, सेंटर कोर्ट, गतविजेता म्हणून फेडरर पहिला आत येतो आणि त्याच्या छातीवर लाल चौकोन. युनिक्लो. जपानी कंपनी. नव्वदच्या दशकापासून नाइकी घालणारा माणूस, पुढच्या महिन्यात ३७ वर्षांचा होणार, आणि त्यानं कपडे बदलले. छापून आलेला आकडा दहा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर. हा आकडा कसा वाचायचा? फेडररनं सगळ्या कारकिर्दीत बक्षिसांचे मिळून जे कमावले ते साधारण १३ कोटी डॉलर. म्हणजे वीस ग्रँड स्लॅम आणि शंभरावर स्पर्धा जिंकून जे मिळालं, त्याच्या दुपटीहून जास्त एका चौकोनाचे. तेही अशा वयात की दहा वर्षांतली बरीचशी वर्षं तो खेळणारच नव्हता. २०२०च्या फोर्ब्सच्या यादीत तो जगातला सगळ्यात जास्त कमावणारा खेळाडू होता, वर्षाला १० कोटी ६३ लाख डॉलर. त्यातले बक्षिसांचे साठ-एक लाख. बाकी सगळे चौकोन, घड्याळं, चॉकलेटं वगैरे.

त्या दिवशी पप्पांचा फोन आला. आकड्याबद्दल त्यांना काही पडलं नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"टोपीवर आरएफ का नाही?"

मी शोधून सांगितलं. लोगो नाइकीकडे आहे. फेडरर गेला, लोगो राहिला. तो स्वतः मॅचनंतर म्हणाला होता की ती माझी आद्याक्षरं आहेत, कधी ना कधी माझ्याकडे येतील.

"त्याचंच नाव त्याला घालता येत नाही?"

"आत्ता नाही."

पप्पा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग माझ्याकडं हाय ती बरी." आणि फोन ठेवला.

तर त्या दीड-दोन वर्षांत अशी परिस्थिती होती की रॉजर फेडरर आरएफची टोपी घालू शकत नव्हता आणि आमच्या जिल्ह्यातला एक मार्कर रोज सकाळी ती घालून कोर्टावर चुना मारत होता. २०२० साली लोगो फेडररकडे परत आला आणि युनिक्लोनं आरएफच्या टोप्या काढल्या. दरम्यान युनिक्लो टेनिसचे शूज बनवत नसल्यामुळे तो शर्ट युनिक्लोचा आणि शूज नाइकीचे असा खेळत होता. हे चित्र मला फार ओळखीचं वाटायचं. वर एक मेंबर, खाली दुसरा मेंबर. २०१९ च्या शेवटी त्यानं 'ऑन' नावाच्या स्विस शू कंपनीत पैसे घातले. तिथे तो घालणारा नाही, मालकांपैकी एक. रने लाकोस्तपासून निघालेलं चक्र पुन्हा तिथेच आलं म्हणायला हरकत नाही, फक्त मधल्या काळात मगर शेअर बाजारात जायला शिकली.

उलटही होतं. काही वेळा कंपनीच खेळाडूला पुरी पडत नाही. २००९ च्या शेवटी सर्जिओ ताक्किनी या इटालियन कंपनीनं जोकोविचशी दहा वर्षांचा करार केला होता. जिंकशील तसा बोनस. आणि २०११ मध्ये हा बाबा तीन ग्रँड स्लॅम जिंकला. कंपनीला बोनस देणं जड गेलं असं तेव्हा छापून आलं, आणि २०१२ मध्ये तो युनिक्लोत गेला. मला वाचून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दुसरा हप्ता अडकायची वेळ जोकोविचवरही आली म्हणून. आपलं काय घेऊन बसलात.

पण स्टॅन स्मिथची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या पायात ते पांढरे शूज असतील, मागे हिरवा ठिपका, जिभेवर मिशीवाल्या माणसाचा चेहरा. तो शूज आधी रोबेर आये नावाच्या फ्रेंच खेळाडूच्या नावानं निघाला होता. तो निवृत्त झाल्यावर आदिदासनं अमेरिकेचा स्टॅन स्मिथ धरला. काही काळ तर एकाच बुटावर नाव एकाचं आणि चेहरा दुसऱ्याचा. स्मिथ १९७२ चा विम्बल्डन विजेता, पण आता लोकांना वाटतं तो फक्त बूट आहे. त्यानं स्वतःच्या पुस्तकाचं नावसुद्धा 'काही लोकांना वाटतं मी बूट आहे' अशा अर्थाचं ठेवलंय. आणि आये? त्याला तर बूटसुद्धा आठवत नाही.

*

२७ ऑगस्ट २०१९. आपल्याकडे सकाळ, न्यूयॉर्कला आदली रात्र. मी गावी गेले होते. यूएस ओपनची पहिली फेरी, आर्थर अॅश स्टेडियम, फेडरर विरुद्ध सुमित नागल. नागल २२ वर्षांचा, क्वालिफाय होऊन आलेला, हरयाणातल्या शाळामास्तरचा मुलगा. पप्पांनी त्या सकाळी क्लबात उशिरा येतो म्हणून सांगितलं होतं, जे त्यांनी माझ्या दहावीच्या निकालालाही सांगितलं नव्हतं. नागलनं पहिला सेट घेतला. ६-४. पप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि उभेच राहिले. डोक्यावर आरएफची टोपी आणि तोंडानं नागलला "चल रे, चल रे". पुढचे तीन सेट फेडररनं घेतले. पप्पांना काहीच वाईट वाटलं नाही, त्यांचे दोघंही खेळत होते.

चार वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच नागलनं एका मुलाखतीत सांगितलं की त्याच्या बँक खात्यात ९०० युरो आहेत. साधारण ८० हजार रुपये. भारताचा त्या वेळचा एक नंबरचा सिंगल्स खेळाडू. आदल्या वर्षी दुखापतीनं रँकिंग पाचशेच्याही खाली गेलं होतं. टूरवर वर्षभर राहायचं तर कोच, प्रवास, राहणं मिळून ऐंशी लाख ते कोटभर लागतात. जर्मनीत सराव करायचा तर पैसे नाहीत. रॅकेट, शूज, कपडे कंपन्यांकडून मिळत होते. महाराष्ट्रातल्या 'महा टेनिस फाउंडेशन'ची मदत होती, इंडियन ऑइलचा पगार होता. मोठा स्पॉन्सर नव्हता.

हे 'रॅकेट, शूज, कपडे मिळतात' वाक्य नीट वाचायला मला माझी नोकरी लागल्यावर जमलं. स्पॉन्सरशिप या एकाच शब्दात दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी असतात. एकीत पैसे देतात आणि दुसरीत सामान देतात. पहिली फार थोड्यांना मिळते. बाकीच्यांना वर्षाला अमुक जोड शूज, अमुक सेट कपडे, अमुक रॅकेट्स, आणि त्याखाली बारीक अक्षरात अटी: इतक्या स्पर्धा खेळल्याच पाहिजेत, रँकिंग इतक्याखाली गेलं तर रक्कम कमी किंवा करार बंद, दुखापत झाली तर बघू. म्हणजे ज्या दिवशी गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी करार सगळ्यात पातळ. नागलला शूज होते. विमानाचं तिकीट शूजनं काढता येत नाही.

मुलाखतीनंतर मदत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनला ३१व्या मानांकित बुब्लिकला सरळ सेट्समध्ये हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णननं विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम सिंगल्समध्ये मानांकित खेळाडूला हरवणारा पहिला भारतीय. दुसऱ्या फेरीचे सुमारे ९८ लाख रुपये मिळाले. एका वर्षाचा खर्च.

*

आता माझ्या नोकरीबद्दल. मी पुण्यात खेळाच्या सामानाच्या एका कंपनीत मार्केटिंगला आहे. आमच्याकडे 'अॅथलीट सपोर्ट' नावाची एक्सेल शीट आहे आणि ती मी बघते. दर महिन्याला शंभरेक अर्ज. नाव, वय, खेळ, रँकिंग, इन्स्टाग्राम फॉलोअर्स. शेवटचे दोन रकाने शेजारी-शेजारी आहेत आणि निर्णय बहुतेक वेळा शेवटच्यावरून होतो. राष्ट्रीय रँकिंग ४० आणि फॉलोअर्स २०० असलेल्या मुलीपेक्षा, रँकिंगच नसलेली पण सकाळी सहाला कोर्टावर रील बनवणारी मुलगी आमच्या कामाची. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ते रकाने मीच लावलेत. "ह्याच्यात आमचं नाव कुठंय" हा प्रश्न मी आता चांगल्या इंग्रजीत, डेकमध्ये, ग्राफसकट विचारते.

गेल्या महिन्यात विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावच्या मुलीचा अर्ज होता. वय १४. टेनिस. फॉलोअर्स ६१. मॅनेजरला मी तीनदा समजावलं आणि शेवटी मंजूर झालं: एक वर्ष, शूजचे दोन जोड, चार टी-शर्ट, कॅश नाही. दर महिन्याला दोन रील्स. मुलीच्या वडिलांना फोन केला. ते शेतमाल बाजारात हमालीचा हिशेब ठेवतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, लोगो किती मोठा लावायचा? केवढाही चालते आपल्याले. मागून-पुढून दोन्हीकडं लावून टाकू."

मी म्हणाले, दादा, मोठा नको. लहानच असतो, आम्ही लावूनच पाठवतो. रेफ्री काढायला लावतात मोठा असला तर.

"बरं. आन् शूज एक नंबर मोठे पाठवता का? पोरीचा पाय वाढतो. दोन वर्षं निघतीन."

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर फॉर्ममध्ये साइज भरायची होती. ती भरण्याआधी, का कोण जाणे, पप्पांना फोन केला. ते कोर्टावर होते, मागे रोलरचा आवाज येत होता. त्यांना सगळं सांगितलं.

"कोर्ट कुठलं?"

"हार्ड. स्पर्धा सगळ्या हार्डवरच."

"मग मोठा नंबर कशाला? पाय वाढायच्या आधी सोल जाईल. तीन महिने. आणि मोठ्या बुटात थांबताना घोटा मुरगळतो पोरांचा. बरोब्बर नंबर पाठव."

"हो."

"आणि तिच्या बापाला सांग, आत दुसरा मोजा नाही घालायचा. सवय बिघडते. पुढं कधी बरोबर बूट मिळाला तरी पाय धावत नाही."

रोलर थांबला होता. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या वेळी..." आणि पलीकडून कुणी तरी हाक मारली असावी, कारण आवाज लांब गेला, "आलो, सर." परत फोनवर आले तेव्हा विचारलं, लाइट बिल भरलंस का.

भरलं म्हणाले. नंबर पाच लिहिला.